कापलेली फुले भेटीसाठी आणि परगावी पाठवण्यासाठी कशी बांधावीत

कोल्हापुरातून रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईला पाठवलेला फुलांचा खोका सकाळी उघडला की अनेकदा माना टाकलेले गुलाब, कडेने काळवंडलेल्या पाकळ्या आणि ओलाव्याने मऊ पडलेला पुठ्ठा हाती येतो. पाठवणारे अशा वेळी गाडीला किंवा हमालाला दोष देतात. परंतु माझ्या अनुभवात बहुतेक वेळा नुकसान खोका बंद होण्यापूर्वीच झालेले असते. फुले ऐनवेळी आणली जातात, तहानलेलीच कागदात गुंडाळली जातात, ताजी दिसावीत म्हणून वरून पाणी शिंपडले जाते आणि सगळी काळजी रिबिनीवर खर्च होते. वस्तू चांगल्या वापरूनही केवळ क्रम चुकल्यामुळे फुले वाया जातात, म्हणून येथे क्रमावर अधिक भर दिला आहे.

हा लेख लांब देठाच्या, म्हणजे काडीवर विकल्या जाणाऱ्या फुलांपुरता आहे: डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन, निशिगंध, ग्लॅडिओलस, लिली, ऑर्किड, अँथुरियम आणि काडीवरची शेवंती. हारासाठी लागणारा झेंडू किंवा सुटी शेवंती करंडीतून पाठवण्याची रीत वेगळी असल्यामुळे ती येथे घेतलेली नाही.

## टप्पा १ : वेळेचा उलटा हिशेब

फुले विकत घेण्यापूर्वी कागदावर एकच गोष्ट लिहावी, ती म्हणजे समोरच्या व्यक्तीच्या हातात गुच्छ किंवा खोका कोणत्या वेळी पडणार. तेथून मागे मोजत यावे. समजा, रविवारी सकाळी सात वाजता पुण्यात खोका मिळायला हवा आहे आणि गाडी शनिवारी रात्री अकराला सुटते. खोका गाडीवर साडेदहाला पोहोचायचा, म्हणजे बांधणी साडेआठला सुरू करायला हवी. त्याआधी फुले गार व्हायला आणि पाकळ्या सुकायला दोन तास लागतात, आणि त्याच्याही आधी देठांना पाणी पिण्यासाठी किमान चार तास लागतात. याचा अर्थ शनिवारी दुपारी दोनपर्यंत फुले बादलीत उभी असली पाहिजेत, आणि त्यासाठी ती सकाळीच, ऊन चढण्यापूर्वी घेतली पाहिजेत.

संध्याकाळी सहाला फुले घेऊन रात्री नऊला खोका देण्याचा बेत असेल, तर लांबच्या प्रवासाचा विचार सोडून द्यावा आणि पोहोचण्याच्या गावातच फुले मागवावीत. हे ऐकायला कठोर वाटते, पण मेलेली फुले पोहोचवण्यापेक्षा ते बरे.

पाण्याविना किती तास जातील, याचाही अंदाज याच वेळी बांधावा. नीट पाणी प्यायलेला आणि गार केलेला गुलाब रात्रभराचा, म्हणजे दहा-बारा तासांचा प्रवास सहसा सोसतो. शीतवाहन नसलेल्या साध्या कुरिअरने दोन-तीन दिवस लागणार असतील, तर गुलाब आणि जरबेरा पाठवू नयेत. त्याऐवजी देठाच्या टोकाला पाण्याची छोटी नळी लावलेले ऑर्किड किंवा अँथुरियम निवडावे.

## टप्पा २ : फूल कोणत्या अवस्थेत घ्यावे

भेट म्हणून लगेच हातात द्यायचे फूल आणि उद्या उघडायचे फूल ही दोन वेगळी फुले असतात. दुकानात जे सर्वांत सुंदर उमललेले दिसते, तेच प्रवासासाठी सर्वांत वाईट असते, कारण उघडलेल्या पाकळ्या एकमेकींवर घासतात आणि त्यांचे आयुष्य आधीच खर्च झालेले असते.

गुलाबाची कळी घट्ट असावी, मात्र तिच्या तळाची हिरवी निदले (कळीला झाकणारी पानांसारखी दले) खाली वळलेली आणि बाहेरची एखादी पाकळी सुटू लागलेली असावी. निदले अजून कळीला चिकटलेली असतील तर ते फूल फार कोवळे काढलेले असते; असा गुलाब उमलत नाही आणि मानेतून वाकतो. जरबेराच्या मधल्या चकतीकडे पाहावे. तिच्या कडेच्या दोन ओळींतील बारीक फुले उघडलेली दिसली, तर फूल तयार आहे. चकती पूर्ण बंद असलेला जरबेरा रंगाने ताजा दिसला तरी त्याची काडी कच्ची असते. निशिगंधाच्या काडीवर खालची एक-दोन फुले उघडलेली असावीत आणि ग्लॅडिओलसच्या खालच्या कळ्यांनी नुकताच रंग दाखवलेला असावा. लिलीची कळी रंगावर आलेली, पण मिटलेली असावी. शेवंती मात्र बऱ्यापैकी उमललेलीच घ्यावी, कारण फार लवकर काढलेली कळी नंतर पाण्यात नीट फुलत नाही.

शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत हरितगृहे असल्यामुळे कोल्हापूरकरांना शेतावरून थेट गड्ड्या घेण्याची सोय आहे. तशी ओळख असल्यास फुले सकाळी लवकर काढलेली आणि काढताक्षणी पाण्यात ठेवलेलीच मागावीत. बाजारातून घेताना गड्डीचा कागद उघडून आतल्या बाजूची फुले पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गुलाबाची गड्डी साधारणपणे वीस काड्यांची आणि जरबेराची दहा काड्यांची येते, आणि खराब काडी बहुधा मधोमध असते.

तपासा : गुलाबाच्या कळीचा तळ दोन बोटांत हलकेच दाबून पाहावा. तो घट्ट लागला तर फूल ताजे आहे. पिचपिचीत लागला तर ते जुने आहे, आणि पाणी पाजूनही ते सुधारत नाही. देठाचे टोक तपकिरी किंवा बुळबुळीत असेल, तर ती गड्डी घेऊच नये.

## टप्पा ३ : देठांना पाणी पाजणे

सर्वांत जास्त चुका येथेच होतात आणि त्या कागदाखाली झाकल्या जातात, म्हणून या टप्प्याला वेळ द्यावा.

देठ कापला की त्याच्या आतल्या पाणीवाहक नळ्यांत हवा शिरते, आणि बाजारातून घरी येईपर्यंत कापलेले टोक वाळून बंद होऊ लागते. असे फूल तसेच पाण्यात ठेवले तर बादली भरलेली असूनही फूल तहानलेलेच राहते. दुसरा अडथळा जिवाणूंचा असतो. घाण बादलीतील जिवाणू देठाच्या तोंडाशी साचून बुळबुळीत थर तयार करतात आणि पाण्याची वाट बंद होते. या दोन्ही अडथळ्यांमुळे गुलाब मान टाकतो. उष्णता त्यात केवळ भर घालते.

काम पुढील क्रमाने करावे.

१. बादली साबणाने घासून, स्वच्छ धुऊन घ्यावी. जिच्यात आपण स्वतः पाणी पिण्यास कचरणार नाही, इतकी ती स्वच्छ हवी. भांडी घासायचा साबण राहिला तर तोही फुलांना बाधतो, म्हणून दोनदा विसळावी.

२. पाणी कोमट घ्यावे. कोमट पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते देठात लवकर चढते. उन्हाळ्यात टाकीचे पाणी आपसूकच कोमट असते, तेव्हा ते तापवण्याची गरज नाही. बोअरचे क्षारयुक्त पाणी टाळून नळाचे किंवा गाळलेले पिण्याचे पाणी वापरावे.

३. दहा लिटर पाण्यात सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे पाऊण छोटा चमचा लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवावे. किंचित आंबट पाणी देठात अधिक सहज चढते आणि जिवाणूंची वाढही मंदावते. फुलांच्या दुकानात मिळणारी फूलखाद्याची पुडी असेल तर तीच वापरावी, तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घालावी आणि मग लिंबूसत्व घालू नये.

४. पाण्याखाली येणारी सर्व पाने काढावीत. काटे काढायचे असल्यास ते बोटाने बाजूला ढकलून मोडावेत. चाकूने खरवडताना देठाची साल सोलली जाते आणि त्या जखमेतून कुजण्यास सुरुवात होते.

५. धारदार सुरीने किंवा फुलांच्या कात्रीने देठाचे टोक दोन-तीन सेंटीमीटर तिरके कापावे. शक्य असेल तर देठ पाण्याच्या पसरट भांड्यात बुडवून पाण्याखालीच कापावा. बोथट कात्रीने देठ चेंगरतो. देठाचे टोक ठेचण्याची जुनी सवय अनेक घरांत आहे; ती सोडून द्यावी, कारण ठेचलेल्या टोकाच्या नळ्या मिटतात आणि पाणीही लवकर घाण होते.

६. कापल्यानंतर काडी लगेच बादलीत उभी करावी. गुलाबासाठी देठाच्या एक-तृतीयांशापर्यंत पाणी चालते. जरबेराचा देठ लवदार असून पाण्यात लवकर कुजतो, त्यामुळे त्याला पाच ते आठ सेंटीमीटर पाणी पुरे. जरबेराच्या देठाच्या तळाशी तांबूस, कठीण भाग असेल तर तो पूर्ण कापून टाकावा, कारण त्यातून पाणी चढत नाही.

७. बादली सावलीत, वारा थेट न लागणाऱ्या जागी चार ते सहा तास ठेवावी. पंख्याखाली ठेवलेले फूल जितके पाणी पिते, त्याहून अधिक गमावते.

सावधान : पाण्यात नुसती साखर घालू नये. साखर फुलाचे अन्न आहे हे खरे, पण ती जिवाणूंचेही अन्न आहे. जिवाणू रोखणारे काही नसताना घातलेल्या साखरेने पाणी दुसऱ्या दिवशीच गढूळ होते. त्याचप्रमाणे ॲस्पिरिनची गोळी, तांब्याचे नाणे किंवा शीतपेय घालण्याचे उपाय लोक सुचवतात, त्यांवर प्रवासाचा भरवसा ठेवू नये.

## टप्पा ४ : गार करणे आणि पाकळ्या कोरड्या करणे

पाणी प्यायलेले फूल तसेच खोक्यात भरले तर त्याची स्वतःची ऊब आणि बाष्प आत कोंडते. गाडी निघाल्यावर रात्रीच्या गारव्याने ते बाष्प पाकळ्यांवर थेंब होऊन बसते, आणि त्याच थेंबांवर राखाडी बुरशी धरते. ही बुरशी प्रथम पाकळीवर पाण्याच्या डागासारखी दिसते आणि सकाळपर्यंत तपकिरी होते. यावर उपाय साधा आहे: बांधण्यापूर्वी फूल गार हवे आणि पाकळी कोरडी हवी.

व्यावसायिक पॅकिंगमध्ये गुलाब, जरबेरा आणि कार्नेशन २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानाच्या शीतगृहात ठेवतात. घरी तशी सोय नसते, तेव्हा बादलीसह फुले घरातील सर्वांत थंड खोलीत, फरशीवर दोन तास ठेवावीत. वातानुकूलित खोली असेल तर उत्तम, मात्र हवेचा झोत अंगावर येऊ देऊ नये. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची असल्यास आधी फळे बाहेर काढावीत आणि फुले कागदात सैलसर गुंडाळून, मागच्या भिंतीला न टेकता ठेवावीत. मागच्या भिंतीला टेकलेली पाकळी गोठते आणि बाहेर आल्यावर पारदर्शक होऊन गळते.

ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण प्रदेशातील फुले फ्रिजमध्ये कधीही ठेवू नयेत. १२-१३ अंशांखाली त्यांना थंडीची इजा होते आणि पाकळ्या काळसर-निळसर पडतात.

फळांबद्दल येथे थोडे थांबून सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. एका मे महिन्यात मुंबईच्या भाचीच्या वाढदिवसाला कार्नेशनच्या दोन गड्ड्या पाठवताना, एकाच खोक्यात आनंद दुप्पट होईल या समजुतीने मी त्यात डझनभर पिकत आलेले हापूस ठेवले. बांधणीत काहीच कमी नव्हते. तरीही सकाळी खोका उघडला तेव्हा सगळी कार्नेशन आतल्या बाजूला मिटलेली होती, आणि ती पुन्हा उघडली नाहीत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि बंद खोक्यात त्याची अगदी अल्प मात्राही कार्नेशन, ऑर्किड, लिली आणि जिप्सोफिला यांना म्हातारी करून टाकते. आंबा, केळी, सफरचंद, चिक्कू यांपैकी काहीही फुलांसोबत, फुलांच्या खोलीत किंवा गाडीत फुलांशेजारी ठेवू नये. सुकलेली आणि कुजकी फुलेही हाच वायू सोडतात, म्हणून गड्डीतील एक खराब फूल काढून टाकण्यात कंजुषी करू नये.

तपासा : पाकळ्यांवर टिपकागद हलकेच टेकवावा. कागदावर ओल दिसली, तर अजून अर्धा तास थांबावे. ताजेपणा दिसावा म्हणून फुलांवर पाणी फवारण्याची पद्धत भेटीच्या गुच्छालाही नको आणि खोक्याला तर मुळीच नको.

## टप्पा ५ : गड्डी बांधणे

टेबलावर कागद अंथरून फुले हाताळावीत आणि हात नेहमी देठाला लावावा, फुलाला नव्हे. एका गड्डीत एकाच जातीची आणि शक्यतो एकाच लांबीची फुले घ्यावीत. गुलाबाची सर्व डोकी एकाच पातळीत ठेवली तर ती एकमेकांना दाबतात. त्याऐवजी दोन थर करावेत, वरच्या थराची डोकी खालच्या थरापेक्षा साधारण एक फूल उंच ठेवावीत आणि दोन थरांच्या मध्ये मऊ कागदाची घडी घालावी. नंतर डोक्यांभोवती एका बाजूने नालीदार असलेला पातळ पुठ्ठा गुंडाळावा. पुठ्ठ्याची कड फुलांच्या वर चार-पाच सेंटीमीटर आलेली असावी, म्हणजे खोक्याची भिंत कळ्यांना टेकत नाही.

रबर दोन ठिकाणी लावावे: एक देठांच्या तळाशी, टोकापासून सुमारे आठ सेंटीमीटरवर, आणि दुसरे मध्यावर, जरा सैल. मानेजवळ रबर लावू नये. सुतळी वापरल्यास ती देठात रुतणार नाही इतपतच आवळावी.

जरबेराच्या प्रत्येक फुलाला स्वतंत्र टोपी लागते. प्लॅस्टिकची किंवा जाळीची टोपी खालून वर, देठाकडून फुलाकडे सरकवत चढवावी, म्हणजे पाकळ्या वरच्या दिशेने मिटतात. वरून खाली दाबल्यास त्या मागे मोडतात. पाणी पाजण्यापूर्वी टोपी चढवली तरी चालते, किंबहुना शेतावर तसेच करतात.

लिलीची फुले उमललेली असतील तर आतले परागकोश चिमटीने काढून टाकावेत. त्यांची पूड पाकळीवर, कागदावर आणि घेणाऱ्याच्या कपड्यांवर असे डाग पाडते की ते धुऊनही जात नाहीत.

## टप्पा ६ (अ) : हातात द्यायचा गुच्छ

शहरातल्या शहरात, म्हणजे महाद्वार रोडवरून राजारामपुरीपर्यंत न्यायच्या गुच्छालाही पाणी लागते, कारण तो समारंभात पुढचे चार तास टेबलावर पडून राहणार असतो. त्यामुळे सजावटीचा कागद लावण्यापूर्वी देठांची टोके पुन्हा एकदा अर्धा सेंटीमीटर कापावीत, त्यांवर भिजवून पिळलेल्या कापसाचा किंवा टिपकागदाचा बोळा गुंडाळावा, त्यावर छोटी प्लॅस्टिकची पिशवी चढवून रबराने घट्ट बांधावी आणि गुच्छ उलटा धरून पाणी टपकते का ते पाहावे. ही तपासणी वगळल्यामुळे यजमानांच्या साडीवर पाणी सांडल्याचे प्रसंग मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहेत.

देठ रचताना प्रत्येक काडी आधीच्या काडीवर एकाच दिशेने तिरकी ठेवत जावी. असा रचलेला गुच्छ एका बांधणीत घट्ट बसतो, फुले आपोआप पसरतात आणि देठ एकमेकांना चेंगरत नाहीत. बांधणीच्या जागेखाली एकही पान राहता कामा नये.

कागद शक्यतो जाडसर तपकिरी किंवा साधा रंगीत घ्यावा आणि गुच्छाचे तोंड उघडे ठेवावे. पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये वरून तोंड बांधलेला गुच्छ दिसायला राजस दिसतो, पण दुपारच्या उन्हात त्याच्या आत वाफ धरते. रिबिन शेवटी बांधावी. तिच्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

टोपलीतील रचनेसाठी हिरवा फोम वापरत असल्यास तो पाण्यावर नुसता ठेवावा आणि आपल्या वजनाने बुडू द्यावा. हाताने दाबून बुडवला की मध्ये हवेचे कोरडे पोकळ भाग राहतात आणि नेमक्या तेथे खोचलेल्या काड्या दोन तासांत मलूल होतात. एकदा खोचलेली काडी अर्धवट वर ओढून ठेवू नये. तिच्या टोकाखाली पोकळी तयार होते. काडी बदलायची असल्यास ती नव्या जागी खोचावी.

सावधान : दुचाकीच्या हँडलला गुच्छ टांगून नेऊ नये. वाऱ्याने पाकळ्या दहा मिनिटांत वाळतात आणि गुडघा लागून माना मोडतात. मागे बसलेल्या व्यक्तीने तो आपल्या अंगाच्या आडोशाला, डोके वर ठेवून धरावा. बंद चारचाकीत उन्हात ठेवलेला गुच्छ तर अर्ध्या तासात शिजतो.

## टप्पा ६ (आ) : प्रवासाचा खोका

खोका पाच थरांच्या नालीदार पुठ्ठ्याचा, नवा आणि कोरडा असावा. त्याची लांबी गड्डीच्या लांबीपेक्षा सुमारे पंधरा सेंटीमीटर अधिक असावी. गावात सहज मिळणारे जुने खोके वापरण्याचा मोह होतो. मात्र आंब्याच्या किंवा केळीच्या खोक्याचा पुठ्ठा आधीच ओल खाऊन दुबळा झालेला असतो आणि त्यात बुरशी असू शकते. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या गुळाच्या खोक्यात कितीही झटकला तरी गूळ राहतो, आणि रात्रभरात मुंग्या फुलांपर्यंत पोहोचतात.

१. खोक्याच्या दोन्ही आखूड भिंतींना दोन-तीन सेंटीमीटर व्यासाची दोन-दोन छिद्रे पाडावीत.

२. आत पातळ प्लॅस्टिकचा एक थर तळाला आणि बाजूंना लावून त्यावर वर्तमानपत्राचे दोन थर द्यावेत. प्लॅस्टिक पुठ्ठ्याला ओलीपासून वाचवते आणि कागद बाष्प टिपतो. प्लॅस्टिकने फुले पूर्ण गुंडाळू नयेत.

३. कमी काड्या असतील तर देठांच्या टोकांना गुच्छाप्रमाणेच ओला बोळा आणि पिशवी बांधावी. जास्त गड्ड्या असतील तर देठ कोरडे ठेवलेले अधिक सुरक्षित असते, कारण एक पिशवी फुटली तरी सगळा खोका भिजतो. ऑर्किडच्या काडीला मात्र रबरी झाकणाची पाण्याची नळी लावणे आवश्यक आहे.

४. पहिल्या गड्डीची डोकी खोक्याच्या एका टोकाला आणि दुसरीची विरुद्ध टोकाला येतील अशा रीतीने गड्ड्या ठेवाव्यात. डोकी आणि भिंत यांत सात-आठ सेंटीमीटर मोकळी जागा सोडावी. मानेखाली कागदाची गुंडाळी उशीसारखी ठेवावी, म्हणजे डोके अधांतरी राहते आणि पुठ्ठ्यावर घासत नाही.

५. यानंतरची पायरी बहुतेकजण विसरतात, आणि माझ्या मते खोक्यातील निम्मे नुकसान तिच्या अभावी होते. देठांच्या मध्यावर आडवी लाकडी पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याची घट्ट गुंडाळी ठेवून ती खोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून पक्की करावी. कात्रजच्या किंवा खंबाटकीच्या उतारावर चालकाने ब्रेक लावला की सैल गड्डी पुढे सरकते आणि सगळ्या कळ्या भिंतीवर आपटतात. पट्टीखाली कागद ठेवावा, म्हणजे देठ चेंगरत नाहीत.

६. मार्च ते मे या काळात गोठवलेली जेलची पिशवी वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून देठांच्या भागावर, पट्टीला टेकवून बांधावी. ती फुलांजवळ ठेवू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीतला साधा बर्फ कधीही वापरू नये. तो वितळतो आणि पिशवी गळतेच. ऑर्किड व अँथुरियमच्या खोक्यात जेलची पिशवीही नको.

७. उरलेल्या पोकळीत चुरगळलेला कागद सैल भरावा आणि झाकण रुंद चिकटपट्टीने बंद करावे. छिद्रे चिकटपट्टीखाली झाकली गेली नाहीत ना, हे पाहावे.

तपासा : बंद खोका दोन्ही हातांनी उचलून हलकेच पुढे-मागे करावा. आत काहीही सरकल्याचा आवाज आला, तर खोका पुन्हा उघडावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण गाडी सुटल्यावर ते करता येत नाही.

ग्लॅडिओलस आणि निशिगंध यांच्या काड्या आडव्या ठेवल्या की त्यांची टोके काही तासांतच वर वळू लागतात, आणि तो बाक नंतर सुटत नाही. ग्लॅडिओलसमध्ये हा दोष अधिक दिसतो. या फुलांसाठी उंच, उभा खोका घ्यावा आणि तो प्रवासभर उभाच राहील याची खात्री असेल तरच पाठवावीत.

## टप्पा ७ : पावसाळ्यातील बदल

जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापूरच्या हवेतच इतकी ओल असते की पाकळ्या सुकवण्याचा वेळ दुप्पट धरावा लागतो. पावसात भिजलेली उघड्या शेतावरची फुले या दिवसांत परगावी पाठवू नयेत; हरितगृहातील फुलेच घ्यावीत. ओला बोळा शक्यतो टाळावा, वर्तमानपत्राचे थर वाढवावेत आणि खोका गाडीपर्यंत नेताना वर प्लॅस्टिक टाकावे, पण गाडीत ठेवताना ते काढून घ्यावे. खोका रात्रभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला राहिला, तर छिद्रे पाडूनही काही उपयोग होत नाही.

## टप्पा ८ : खोका गाडीवर देताना

खोक्यावर तीन बाजूंनी मोठ्या अक्षरांत ‘ताजी फुले’, ‘ही बाजू वर’ आणि ‘वर वजन ठेवू नये’ असे लिहावे. घेणाऱ्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि उतरवण्याचे ठिकाण खोक्यावर थेट लिहावे. चिकटवलेला कागद ओलीने सुटतो. ताराराणी चौकातून, म्हणजे कावळा नाक्यावरून, सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सला खोका देताना कर्मचाऱ्याला तो कोठे ठेवणार हे नम्रपणे विचारावे आणि शक्य असेल तर समोर ठेवून घ्यावा. इंजिन मागे असलेल्या गाड्यांत मागच्या बाजूची डिकी तापते, म्हणून मधल्या किंवा पुढच्या डिकीत जागा मागावी. मासळीचे डबे, फळांच्या पेट्या आणि पेट्रोलच्या वासाच्या वस्तू शेजारी नसाव्यात.

गाडीचा क्रमांक, चालकाचा किंवा मदतनिसाचा दूरध्वनी आणि पोहोचण्याची अंदाजे वेळ लगेच घेणाऱ्याला कळवावी. खोका सकाळी सहाला उतरला आणि घेणारा दहाला आला, तर खोक्याचे मधले चार तास थांब्यावरच्या उन्हात जातात आणि रात्रभराची काळजी वाया जाते.

## टप्पा ९ : उघडणाऱ्यासाठी चिठ्ठी

फुले कोणी पाठवली हे सांगणाऱ्या शुभेच्छापत्राबरोबर दुसरी एक चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. घेणारी व्यक्ती आनंदात खोका उघडते, छायाचित्र काढते आणि फुले तशीच कोरड्या फुलदाणीत ठेवून चहा करायला जाते. चिठ्ठीवर एवढेच लिहावे:

‘खोका सावलीत उघडावा. देठांवरची आडवी पट्टी आधी काढावी, मग गड्डी देठाला धरून उचलावी. रबर आणि टोप्या लगेच काढू नयेत. प्रत्येक देठाचे टोक दोन सेंटीमीटर तिरके कापून लगेच कोमट, स्वच्छ पाण्यात उभे करावे. दोन तासांनी टोप्या आणि कागद काढावेत. पाणी दर दोन दिवसांनी बदलावे आणि प्रत्येक वेळी टोक थोडे कापावे. फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ ठेवू नये.’

प्रवासात एखाद्या गुलाबाने किंवा जरबेराने मान टाकलीच, तर तो फेकून देण्यापूर्वी एक उपाय करून पाहावा आणि तोही चिठ्ठीच्या मागे लिहून द्यावा. मलूल फुले सरळ धरून, देठापासून डोक्याच्या वरपर्यंत वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावीत, म्हणजे माना सरळ स्थितीत राहतात. टोके पाण्याखाली पुन्हा कापावीत आणि गुंडाळी हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात अंधाऱ्या, गार जागी दोन तास उभी ठेवावी. गुलाबासाठी पाणी खोल घ्यावे. जरबेरासाठी ते आठ-दहा सेंटीमीटरच ठेवावे आणि फूल उभे राहताच कमी करावे. केवळ तहानेने वाकलेली मान या उपायाने सरळ होते. दोन तासांनंतरही जी काडी वाकलेली राहील, तिचे फूल मानेखाली कापून पाण्याच्या उथळ वाडग्यात तरंगत ठेवावे. तेथे ते आणखी एक-दोन दिवस चांगले राहते.